मालनआत्याची चांदणी

मालनआत्याच्या दारात गेलं की सगळ्यांत आधी दिसायचं ते तिचं बोट. डाव्या हाताचं पहिलं बोट, सरळ वर केलेलं. मान खाली, उजव्या हातात तांब्याची तार, ओठ पुटपुटताहेत आणि बोट वर. याचा अर्थ असा की, जिथं आहात तिथं उभे राहा आणि तोंड उघडू नका. खांद्यावर गॅसची टाकी घेतलेला माणूस असो की पाहुणा, बोट खाली येईपर्यंत सगळे उंबऱ्याबाहेर. एकदा निवडणुकीत मतं मागायला आलेला उमेदवार आपल्या वीसपंचवीस माणसांसकट तिच्या दारात हात जोडून उभा होता आणि आत्या मोजत होती. हात जोडून जोडून बिचाऱ्याचे खांदे भरून आले असतील. शेवटी आत्यानं तार तोडली, बोट खाली घेतलं आणि म्हणाली, "हं, बोला आता. तीन ईस आन् सात झाले."

आत्या मोटारींचं वायंडिंग करायची. विहिरीवरची मोटार जळाली, छताचा पंखा जळाला, की त्याच्या पोटातली करपलेली तार उपसून काढायची आणि नवी तार वेढा वेढा मोजून भरायची, हे ते काम. वेढ्यांचा हिशेब चुकला की मोटार तापते, गुरगुरते आणि परत जळते. आत्या चौथीपर्यंत शिकलेली. तिचं मोजणं विसाविसांचं. एक ईस वेढे झाले की चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. मोजताना कुणी बोललं तर ती सगळी तार सोडून पुन्हा एकपासून सुरू करायची, रागावायची मात्र नाही. "तुजं बोलनं गेलं त्यात," एवढंच म्हणायची.

तिचे यजमान लष्कराच्या नोकरीतून सुटल्यावर भिंगारच्या बाजारात वायंडिंगचं दुकान चालवायचे. त्यांच्या हाताची मोठी ख्याती. पाथर्डीकडून, जामखेडकडून लोक मोटारी घेऊन यायचे. ते गेले तेव्हा समाचाराला आलेले सगळे हळहळले, आता असं वायंडिंग कोण करणार म्हणून. आत्या कोपऱ्यात पदर घेऊन बसली होती. दिवस झाल्यावर राहिलेल्या चार मोटारी ज्याच्या त्याच्या घरी पोचल्या, नेहमीसारख्या सुरेख भरलेल्या. तेव्हा कुठं उलगडा झाला. यजमानांच्या हाताला कितीतरी वर्षांपासून कंप होता. ते मोटारी खोलायचे, गिऱ्हाइकांशी बोलायचे, आणि पिशवीत घालून आतलं सगळं घरी आणायचे. भरायची आत्या. मी एकदा विचारलं, "आत्या, इतकी वर्षं कुणाला सांगितलं का नाहीस?" तर माझ्याकडे बघत म्हणाली, "मोटार पानी वडत हुती ना? मग सांगायचं कुनाला आन् कशाला?"

तिला अहोजाहो केलेलं चालायचं नाही. "मी काय कलेक्टर हाय व्हय?" म्हणायची. म्हणून आख्खी ओळ तिला आत्या म्हणायची आणि अगंतुगं करायची. ओळ म्हणजे आमची वस्ती. लष्कराच्या कामावर असलेल्या बिगरलष्करी कामगारांनी निवृत्तीच्या आधी एकत्र येऊन भिंगारच्या कडेला बांधलेली चौदा बैठी घरं. सात या बाजूला, सात समोर. एकच गवंडी, एकच नकाशा, एकाच रंगाची दारं. नवीन पोस्टमन आला की महिनाभर पत्रांचा नुसता गोंधळ. या ओळीची एक रीत होती. एका घरात जे येईल ते सगळ्या घरांत जायचं. लोणचं घातलं तर चौदा वाट्या, कुणी मोगरा लावला तर चौदा कुंड्या. आम्हाला या रीतीचं फार कौतुक होतं. पुढं तीच रीत आमच्या अंगाशी आली, ते सांगतोच.

मी आधी माझं सांगतो. मी नगरच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. जवळजवळ तीस वर्षं फळ्यावर विजेच्या जोडणीच्या आकृत्या काढतोय, आणि घरचा फ्यूज गेला की आत्याला हाक मारतोय. शिवाय मी जरा भडकू आहे. बायको म्हणते जरा नाही, बराच. असो.

माझे वडील, अण्णा, लष्कराच्या सुतारखात्यात होते. वयाच्या पंच्याहत्तरीनंतर त्यांचं डोकं हळूहळू रिकामं होत गेलं. आधी चष्मा कुठं ठेवला ते विसरले, मग जेवलो की नाही ते, मग मी कोण ते. यातलं सगळं सोसता येत होतं. सोसवत नव्हती ती संध्याकाळ. दिवस कलला की अण्णांना घरी जायचं असायचं. घरात, स्वतःच्या पलंगावर बसून म्हणायचे, "बराय, निघतो आता. घरी वाट बघत असतील." कितीही समजावा, उठायचेच. बाहेर पडले की पुढं चौदा दारं, सगळी एकसारखी. मग कधी याच्या घरात शिरून चहा मागायचे, कधी त्याच्या पलंगावर झोपायचे. ओळीतले लोक भले, कुणी हूं का चूं केलं नाही. पण एकदा ते ओळ ओलांडून थेट पाथर्डी रस्त्यावर गेले. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं करकचून ब्रेक दाबला म्हणून वाचले. त्या दिवशी मी कुलूप आणलं. संध्याकाळी पाच वाजले की दाराला बाहेरून कुलूप, आणि आत अण्णा दारावर थापा मारताहेत, "अहो, उघडा! मला घरी जायचंय!" मी बाहेर पायरीवर डोकं धरून बसायचो. स्वतःच्या बापाला कोंडलं होतं मी. दुसरं काय करणार होतो? असं स्वतःला रोज विचारायचो आणि रोज लाज वाटायची.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी आत्या समोरून आली. थोडा वेळ त्या थापा ऐकत उभी राहिली. "मास्तर," म्हणाली, "मानसाला कुलूप लावत्यात व्हय रे?"

मी भडकलोच. म्हटलं, "मग तू सांग काय करू? ट्रॅक्टरखाली जाऊ देऊ?"

"उगड," ती म्हणाली. मी उघडलं. अण्णा घामाघूम होऊन बाहेर आले. आत्यानं त्यांना पायरीवर बसवलं, पाणी दिलं आणि एक प्रश्न विचारला. मी विज्ञानाचा शिक्षक, माझी बायको इतकी मायेची, डॉक्टर इतके शिकलेले, पण हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाही सुचला नव्हता. आम्ही सगळे त्यांना सांगत होतो की हेच तुमचं घर. आत्यानं विचारलं, "अण्णा, तुमचं घर वळखायचं कसं?"

अण्णा लगेच म्हणाले, "सोपं हाय. दारात चांदणी असती."

मला काही उमजेना. मग एकदम आठवलं. या घरात आलो त्या पहिल्या दिवाळीला अण्णांनी बांबूच्या कांबटांची चांदणी केली होती, आकाशकंदिलासारखी, निळा कागद लावून. आईला ती इतकी आवडली की दिवाळी संपली तरी तिनं ती उतरवू दिली नाही. कागद फाटला की अण्णा नवा लावायचे. आई होती तोवर ती चांदणी बारा महिने दारात होती. आई गेली, चांदणीही गेली, आणि आम्ही विसरून गेलो. सगळं विसरलेल्या माणसाच्या डोक्यात मात्र ती तशीच टांगलेली होती.

"चांदनीच करायची ना?" आत्या म्हणाली. "करू की. पन आशी करायची की लावायला कुनी लागलं न्हाई पायजे. तू शाळेत आसशील, सूनबाई दळनाला गेली आसंल. दिस बुडला की तिची तिनं लागली पायजे. आन् लाईट गेली तरी लागली पायजे."

मी म्हटलं, बाजारात मिळतात सोलरचे दिवे. आणून देतो एक. ती म्हणाली, "त्या दिव्याला अण्णांची चांदनी ठावं हाय का?"

आत्याच्या घरात पत्र्याच्या एका पेटीत जगातल्या सगळ्या बिघडलेल्या वस्तू होत्या. त्यातून एकेक निघायला लागलं. कुठल्यातरी बंगल्याच्या बागेतून भंगारात आलेले सोलरचे दिवे, त्यांच्यावरच्या तळहाताएवढ्या काचा उन्हानं पांढुरक्या पडलेल्या. आत्यानं त्या दात घासायच्या पेस्टनं तासभर घासल्या आणि त्या खालचा काळा रंग दाखवायला लागल्या. गणपतीच्या तुटक्या माळेतले बारीक दिवे. एका दाढीच्या मशीनमधला चार्जिंगचा सेल. सांगाड्याला अण्णांच्याच गंजलेल्या सायकलचे स्पोक. राहता राहिला निळा कागद, पण कागद पावसात टिकायचा नाही. आत्या म्हणाली, "अण्णांच्या गुडघ्याचं फोटू काडलं हुतं ना मागं?" मी एक्सरे आणून दिले. तिनं ते गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून भिजवले आणि चिंधीनं चोळले. काळं सगळं निघून गेलं आणि खाली राहिला स्वच्छ, पारदर्शक, फिकट निळा प्लॅस्टिकचा कागद. मी बघतच राहिलो. एक्सरेची फिल्म मुळात निळी असते हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं.

तरी माझं शहाणपण थांबेना. सेल हातात घेऊन मी तिला समजावून सांगितलं की हा सव्वा व्होल्टचा, त्या दिव्याला तीन व्होल्ट लागतात, एका सेलवर तो पेटणं शक्य नाही. पुस्तकात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. आत्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. मग जळालेल्या एका सीएफएल बल्बच्या पोटातून करंगळीच्या नखाएवढं काळं कडं काढलं, त्याच्यावर केसासारख्या दोन तारा जोडीनं गुंडाळायला घेतल्या आणि बोट वर केलं. एक ईस वेढे झाले. एक बारका ट्रान्झिस्टर लावला, कथिलाचा डाग दिला आणि सेल जोडला. दिवा लख्ख पेटला. डोळ्यांसमोर निळं-पांढरं झालं माझ्या.

"तुज्या पुस्तकाला हे कडं ठावं न्हाई वाटतं," आत्या म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. तिला खरोखरच पुस्तकाची कीव आली होती.

नंतर मी शोधलं तेव्हा कळलं की त्या कड्यावरची तार सेलातली वीज थोडी थोडी साठवून जोरानं ढकलते, सेकंदाला हजारो वेळा. शास्त्र आहे त्याला. पण मला ते पेटीपाशी बसलेल्या चौथी शिकलेल्या बाईनं दाखवलं होतं. मी विचारलं, "आत्या, हे तुला शिकवलं कुणी?"

"बिगडलेल्या वस्तूनं," ती म्हणाली. "चालू वस्तू कोन उगडून देतंय आपल्याला? बंद पडली की मंग ती सगळं सांगती बग. नीट बसून ऐकाया पायजे."

दुसऱ्या दिवशी चांदणी आमच्या दारात लागली. दिवसभर ऊन प्यायली. संध्याकाळी मी कुलूप हातात घेऊन उभा होतो, म्हटलं, नाही जमलं तर आहेच. अण्णा निघाले. पायरी उतरले, ओळीच्या टोकापर्यंत गेले. मी दहा पावलं मागं. ऊन गेलं, जरा काळोखलं, आणि आमच्या दारात कुणीही हात न लावता ती चांदणी उजळली. एकदम नाही. आधी अंधुक, मग निळी, मग चांगली. अण्णा वळले. बराच वेळ बघत राहिले. मग तरातरा चालत आले, चपला काढल्या आणि आत जाऊन पलंगावर बसले. "पोचलो बाबा," म्हणाले. माझी बायको स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून रडत होती. आणि मी, कशाला खोटं बोलू, मीही रडलो. आत्या समोर तिच्या दारात बसून पंख्याची तार मोजत होती. तिनं बोट वर केलेलं होतं, म्हणून मला तिकडे जाऊन पायही धरता येईनात.

त्यानंतरचे सहा महिने अण्णा रोज संध्याकाळी बाहेर जायचे, फिरायचे, आणि चांदणी लागली की घरी यायचे. त्यांच्या आयुष्यात परत कामावरून घरी येणं आलं.

आता ती रीत. एका घरात आलं ते चौदा घरांत. "आत्या, आमालाबी एक चांदनी," असं पहिल्यांदा शेजारच्या काकू म्हणाल्या, मग समोरचे, मग सगळेच. आत्याच्या तोंडात नाही हा शब्दच नव्हता. पेटी होती, भंगारवाला ओळखीचा होता, साचा एकच होता. जो तो आपापले एक्सरे घेऊन यायला लागला. कुणाचा गुडघा, कुणाच्या बरगड्या, कुणाचा मोडलेला हात. सगळे काही पुरते धुतले जात नसत, त्यामुळं एका चांदणीत कुणाचातरी अंगठा अस्पष्ट दिसायचा आणि त्यावरून चेष्टा चालायची. मीसुद्धा स्टुलावर चढून खिळे ठोकून दिले, शाळेत सगळ्यांना सांगितलं, या तर म्हटलं आमची ओळ बघायला. दिवाळीपर्यंत तेरा घरांत तेरा चांदण्या झाल्या. चौदावं घर आत्याचं. तिच्या दारात नव्हती. "करू की," म्हणायची, "तार आली की करू."

आणि आमच्यापैकी एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी अण्णा नेहमीसारखे बाहेर पडले. मी पूजेची मांडामांड करत होतो. ऊन गेलं आणि तेरा दारांत तेरा निळ्या चांदण्या उजळल्या. पोरंबाळं ओरडली, टाळ्या वाजल्या. आणि मग मला ओळीच्या मधोमध अण्णा दिसले. एका चांदणीकडे बघायचे, चार पावलं जायचे, थांबायचे, दुसरीकडे वळायचे. तोंड कसंनुसं झालेलं. "सगळीच घरं माझी कशी काय?" असं काहीतरी म्हणत होते. मी हातातलं ताट ठेवून बाहेर धावलो. तेवढ्यात फटाक्यांची माळ लागली, धूर झाला, आणि धूर निवळला तेव्हा अण्णा नव्हते.

आम्ही पाथर्डी रस्त्याकडे धावलो. सगळी ओळ धावली, पूजा तशाच टाकून. रस्त्यावर नव्हते, बाजाराच्या तोंडाशी नव्हते. परत येताना आत्या समोर दिसली आणि मी सगळ्यांदेखत तिच्यावर तुटून पडलो. "अक्कल कुठं गेली होती तुझी? सगळ्यांना सारख्या करून दिल्यास! एवढं मोठं डोकं आणि हे कळलं नाही? माझा बाप गेला तर तुझ्या या खेळण्यांपायी जाईल!"

मी स्वतः खिळे ठोकले होते, हे तिला म्हणता आलं असतं. म्हणाली नाही. पदर खोचला आणि अण्णांना हाका मारत पुढं निघाली.

अण्णा सापडले. आत्याच्याच घरी, तिच्या अंधाऱ्या दारात, पायरीवर बसलेले. धूर-गोंधळ सोडून तिथं जाऊन बसले होते. मी विचारलं, "अण्णा, इथं का बसलात?"

"हितला दिवा लागायचा ऱ्हायलाय," अण्णा म्हणाले. "लागू दे, मग जाऊ."

आम्ही सगळे हसलो, सुटलो म्हणून हसलो. त्या बोलण्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर बारा दारांतल्या चांदण्या उतरवलेल्या. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. ज्याच्या त्याच्या हातात आपली चांदणी, आणि सगळे आत्याच्या दारात उभे, कारण आत्याचं बोट वर होतं. ती काही गुंडाळत नव्हती. समोर अण्णांना बसवलं होतं, त्यांच्या हातात कोयता आणि बांबू दिला होता, आणि ती त्यांच्याकडे बघत होती.

स्वतःच्या मुलाचं नाव विसरलेला तो माणूस बांबू चिरत होता. एकसारखी कांबटं. कुठं गाठ आली की कोयता आपोआप हलका व्हायचा. दहा कांबटं झाली, त्यांना खाचा पडल्या, दोरा बसला, आणि बघता बघता चांदणी तयार झाली. पाचही टोकं सारखी नव्हती. खालचं एक टोक चांगलं वीतभर लांब होतं. आईसाठी केलेली अशीच होती, शेपटीची. मी आणि आत्या विसरलो होतो किंवा आम्हाला माहीतच नव्हतं. त्यांच्या हातांना माहीत होतं.

आत्यानं बोट खाली घेतलं. "आदी हेच करायला पायजे हुतं," म्हणाली. "मी त्येंच्यासाटी केली. त्येंनी त्येंची करायला पायजे हुती. सुताराला आपल्या हातचं काम आंधारातबी कळतं. चुकलं माजं." मग बाकीच्यांकडे वळून म्हणाली, "आन् तुमी काय हे उतरून आनलंय? जावा, लावा. दिवे उतरायचे न्हाईत कुनी."

तिनं आमच्या आधीच्या चांदणीतलं कडं, सेल, काच, निळी फिल्म सगळं त्या बांबूच्या चांदणीत बसवलं. वाऱ्यानं ती फिरायला लागली तेव्हा खालच्या लांब टोकाला वजन हवं झालं. आत्या म्हणाली, "मास्तर, ते तुजं कुलूप आन." माझं ते कुलूप तिनं टोकाला बांधलं. आजही ते तिथंच लोंबतंय. किल्ली मी कुठं टाकली ते मला आठवत नाही, आठवायचंही नाही.

त्या संध्याकाळी तेरा चांदण्या लागल्या. अण्णा ओळीतून चालत आले, एकेका दाराकडे बघत. आमच्या दाराशी थांबले, त्या लांब टोकाला हात लावला, सांध्यावरून अंगठा फिरवला. "ही आपली," म्हणाले. त्यानंतर ते एकदाही चुकले नाहीत.

मी मात्र आत्याची माफी मागितली नाही. आज मागू, उद्या मागू. ती समोरच तर राहत होती. चहाला जायचो, मोटारींच्या गप्पा मारायचो, मनातलं तोंडापर्यंत यायचं आणि परत जायचं. ती तर जसं काही झालंच नाही अशी. भडकायला मला क्षणभर लागला होता, आणि दोन शब्द बोलायला एक वर्ष पुरलं नाही.

पुढच्या थंडीत आत्याच्या छातीत पाणी झालं. नगरच्या दवाखान्यातून आणली तेव्हाच डॉक्टरांनी तिच्या सोबतीला आलेल्या भाचीला सांगून ठेवलं होतं की आता घरीच ठेवा. आत्यानं खाट दारात टाकायला लावली, सगळी ओळ दिसेल अशी. एका संध्याकाळी मी ठरवूनच गेलो. खाटेशी उभा राहिलो, घसा खाकरला आणि म्हटलं, "आत्या, दिवाळीला मी जे बोललो..."

आत्याचं बोट वर गेलं.

तिची नजर बाहेर होती. ऊन जात होतं. चांदण्या लागायला लागल्या होत्या. प्रत्येकीचा सेल वेगळ्या भंगारातला, काच वेगळी, त्यामुळं त्या कधीच एकदम लागत नाहीत, एकामागून एक लागतात. कुठली कधी लागते ते तिला पाठ होतं. ती ओठातल्या ओठात मोजत होती. काकूंची लागली. कोपऱ्यावरची लागली. आठ. नऊ. मधे एक जरा रेंगाळली तेव्हा आत्याच्या कपाळाला आठी पडली, मग तीही लागली. बारा. सगळ्यांत शेवटी आमची, लांब टोकाची. "तेरा," आत्या म्हणाली. तिचं बोट हळूहळू गोधडीवर टेकलं. मी पुढं झालो. पण तिचा डोळा लागला होता. उठवावंसं वाटलं नाही. म्हटलं, उद्या.

पहाटे आत्या गेली.

सगळं उरकून संध्याकाळी घरी आलो. अण्णांना काय झालंय ते कळलेलं नव्हतं, निदान मला तसं वाटत होतं. चांदण्या लागल्या. अण्णा आमच्या दाराशी आले, लांब टोकाला हात लावला, आणि आत न येता वळून समोर गेले. आत्याच्या अंधाऱ्या पायरीवर जाऊन बसले. हाताला धरून उठवलं तर हात सोडवून घेतला. "हितला लागायचाय अजून," म्हणाले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. तेव्हा मला दिवाळीच्या दिवशीचं त्यांचं बोलणं आठवलं. आमच्या सगळ्यांच्या दारात दिवा लावून ती बाई अंधारात बसत होती, हे आख्ख्या ओळीत फक्त एका माणसाच्या लक्षात आलं होतं, आणि त्याला आम्ही वेडा समजत होतो.

चौथ्या दिवशी मी भाचीकडून पत्र्याची पेटी मागून घेतली. आत्याच्याच पायरीवर दुपारी बसलो. शेजारी अण्णा. काच होती, सेल होता, काळं कडं होतं. पहिल्यांदा गुंडाळलं, चुकलं. दुसऱ्यांदा तार तुटली. तीस वर्षं फळ्यावर काढलेली आकृती हातात येईना. मी चिंचोक्यांच्या वाट्या काढून समोर ठेवल्या आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. अकरा, बारा. एवढ्यात बायको समोरून हाक मारत आली, "अहो, ऐकलंत का..."

माझं डावं बोट आपोआप वर गेलं.

ती थांबली. अण्णांनी तिच्याकडे बघून हलकेच हात हलवला. "गप," म्हणाले, "मोजनं चाललंय."

ती चांदणी आत्याच्या दारात लागली. सुबक नाही, जरा फडफडते, आणि सगळ्यांच्या नंतर लागते. पण लागते. त्या संध्याकाळी ती उजळली तसे अण्णा पायरीवरून उठले. धोतर झटकलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "चला. लागला दिवा. आता घरी जाऊ."